जुना संगणक आणि मोठी हार्ड डिस्क

पेढीवर काही वस्तू अशा असतात की, त्या चालत आहेत तोवर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तराजू ही त्यांतली एक आणि हिशेबाचा संगणक ही दुसरी. तराजू बिघडला तर गिऱ्हाईक तत्काळ सांगते; संगणकाचा बिघाड मात्र पुष्कळदा फार उशिरा कळतो आणि कळतो तेव्हा मागील कित्येक वर्षांची खतावणी नाहीशी झालेली असते. गोडादरा व पर्वत पाटिया या भागांतील सभासद बंधूंच्या पेढ्यांवर असे प्रसंग घडल्याचे आमच्या कानी आले आहे आणि त्यांतील एका प्रसंगी आम्ही स्वतः हजर होतो. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा या विषयातील जे काही ज्ञान आम्हांस आहे ते दुरुस्ती करणाऱ्यांच्या शेजारी स्टूल टाकून, त्यांना नाना प्रश्न विचारून मिळविलेले आहे. स्मरणिकेच्या वाचकांस ते उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

जुना संगणक पेढीवर राहतो त्यास केवळ कंजूषपणा कारण असतो असे नव्हे, जरी घरातील तरुण मंडळी तसे म्हणत असली. पुष्कळांची जुनी खतावणी डॉसवर चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये आहे आणि तो प्रोग्राम लिहून देणारा गृहस्थ आता कोठे आहे याचा पत्ता नाही. काही प्रोग्रामांना प्रिंटरच्या जोडणीत बसवावयाचे एक लहानसे कुलूप असे, त्यास डोंगल म्हणत. ते लावावयास नव्या संगणकात जागाच नसते. करकर आवाज करीत एकदम तीन प्रतींत पावती काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही त्याच जुन्या यंत्रास जोडलेला असतो. शिवाय कायद्याची गोष्ट आहेच. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे त्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. उधारीची जुनी खाती, भावाभावांतील वाटण्या, अडत्यांशी झालेले व्यवहार यांस तर कायद्याची मुदतही पुरत नाही. वीस वर्षांपूर्वीचे पान कधी उघडावे लागेल हे कोणी सांगावे?

सुरतेत यास आणखी एक कारण घडले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले, तापी शहरात शिरली आणि तळमजल्यावरील असंख्य दुकाने बुडाली. कागदी चोपड्यांचा लगदा झाला, तसे संगणकही गेले. पाणी ओसरल्यावर ज्यांनी नवे संगणक घेतले त्यांतील आमच्या पाहण्यातले जवळजवळ सर्व विंडोज एक्सपीवर चालणारे होते. ज्यांचे माळ्यावर असल्यामुळे वाचले त्यांनी आपला विंडोज ९८ चाच संगणक पुढे चालविला. एकाच मोसमात लावलेली झाडे एकदमच वठावीत तसे हे संगणक आता एकदमच थकू लागले आहेत.

थकते म्हणजे नेमके काय थकते? संगणकाचा मेंदू क्वचितच जातो. पंखा बदलता येतो, वीज पुरविणारी पेटी बदलता येते. जाते ती हार्ड डिस्क, कारण तिच्या पोटातील तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि फिरणारी वस्तू झिजते हा निसर्गाचा नियम आहे. मग मालक दुरुस्तीच्या दुकानी जातो. त्याच्या यंत्रात २० किंवा ४० जीबीची डिस्क असते. तेवढी लहान डिस्क बाजारात कोठेच मिळत नाही. रुंद पट्ट्यासारख्या केबलच्या, ज्यांना आयडीई म्हणतात त्या डिस्का तर कित्येक वर्षांपासून बनतच नाहीत. दुकानदार कोठून तरी एक जुनी, पण मोठी डिस्क काढतो व म्हणतो, "शेठ, आठपट जागा मिळते आहे आणि भाव तोच, यात नुकसान ते काय?" व्यापाऱ्याच्या मनास हे बोलणे तत्काळ पटते. परंतु खरी गोम येथेच आहे.

हार्ड डिस्क म्हणजे एक वखार समजावी. या वखारीत एकसारखे कप्पे आखलेले असतात व प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट मावतात. बाइट म्हणजे इंग्रजी लिपीतील एक अक्षर राहील एवढी जागा. संगणकास कोणतीही गोष्ट ठेवावयाची वा काढावयाची झाली की, तो कप्प्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो. म्हणजे वखार किती मोठी बांधली हे जितके महत्त्वाचे, तितकेच चिठ्ठीवरील क्रमांकाचा रकाना किती रुंद आहे हेही महत्त्वाचे. जुन्या संगणकाच्या सर्व अडचणी या रकान्याच्या रुंदीतून निघालेल्या आहेत.

१९८३ साली आयबीएम कंपनीचा एक्सटी नावाचा संगणक निघाला, त्याची डिस्क अवघ्या १० एमबीची होती. त्या काळी ज्यांनी हे रकाने आखले त्यांस आजची वखार स्वप्नातही दिसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांस दोष देता येत नाही. पहिली मोठी अडचण १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत आली व ती मोठी मौजेची आहे. संगणक सुरू होताच जो प्रोग्राम जागा होतो त्यास बायोस म्हणतात. बायोस हा एक मुनीम आणि डिस्कच्या अंगचे मंडल हा दुसरा मुनीम, असे समजू. पहिल्याच्या वहीत रांगेसाठी १,०२४ पर्यंत, दालनासाठी २५६ पर्यंत आणि कप्प्यासाठी ६३ पर्यंत जागा होती. दुसऱ्याच्या वहीत रांगेसाठी ६५,५३६ पर्यंत जागा, पण दालनासाठी अवघी १६. दोघांचा मेळ घालावयाचा तर प्रत्येक रकान्यात ज्याची जागा कमी त्याचेच चालणार. सबब १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट, एवढ्यावर सगळे येऊन थांबले. दोन्ही वह्या स्वतंत्रपणे पाहिल्या तर त्याहून कितीतरी मोठी वखार सांभाळावयास समर्थ होत्या. दोन मुनिमांच्या पद्धती न जुळल्यामुळे नुकसान झाले. भागीदारीत हे आपण नेहमीच पाहतो. असो.

पुढे युक्त्या निघाल्या, मर्यादा ८.४ जीबीवर गेली, ती ओलांडल्यावर १९९९ च्या सुमारास काही संगणक ३३.८ जीबीहून मोठी डिस्क लावताच सुरूच होईनासे झाले. या सर्व मर्यादांत एक मोठा गुण होता : त्या उघड होत्या. डिस्क लावली की एक तर ती कमी दिसे, नाही तर संगणक अडून बसे. मालकास कळे की काही तरी चुकले आहे. अडून बसणारा बैल त्रासदायक खरा, पण तो गाडी दरीत नेत नाही.

१३७ जीबीची मर्यादा मात्र तशी नाही आणि ज्या यंत्रांविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांना तीच लागू पडते. डिस्कला द्यावयाच्या चिठ्ठीवर कप्प्याच्या क्रमांकासाठी २८ आकड्यांचा रकाना होता. संगणकाचे आकडे केवळ शून्य आणि एक हेच दोन असल्यामुळे २८ आकड्यांत २६,८४,३५,४५६ एवढेच क्रमांक होतात. त्यास ५१२ ने गुणिले असता १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट होतात. हीच ती १३७ जीबी. याच्या पुढे काय होते ते नीट समजून घ्यावयास हवे.

समजा, एका वखारीच्या चिठ्ठीवर कप्प्याच्या क्रमांकासाठी तीनच आकड्यांचा रकाना छापलेला आहे. ९९९ व्या कप्प्यापर्यंत सर्व सुरळीत चालेल. पुढे १००० व्या कप्प्यात पोते ठेवा असे मालकाने सांगितले, तर दिवाणजी रकान्यात मावतील तेवढे शेवटचे तीन आकडे लिहील : ०००. हमाल बिचारा चिठ्ठी पाहून शून्य क्रमांकाच्या कप्प्यापाशी जाईल. तेथे पूर्वीचाच माल रचलेला आहे. आपल्या गोदामातील हमाल परत येऊन सांगेल की, शेठ, तेथे जागा नाही. हार्ड डिस्कचा हमाल तसे सांगत नाही. तो जुना माल नाहीसा करतो, नवा ठेवतो आणि काम झाले म्हणून कळवितो. त्यातही घात असा की, डिस्कच्या अगदी आरंभीच्या कप्प्यांतच साऱ्या वखारीची अनुक्रमणिका असते : कोणता भाग कोठे सुरू होतो, कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे, संगणकाने सकाळी उठून प्रथम काय वाचावयाचे, हे सर्व तेथे. म्हणजे १३७ जीबीच्या पलीकडे टाकलेले पहिलेच पोते थेट चोपडीच्या पहिल्या पानावर येऊन पडते.

२०१९ सालची गोष्ट. गोडादऱ्यातील आमच्या एका सभासद बंधूंच्या पेढीवर विंडोज ९८ चा संगणक होता. त्यातील २० जीबीची डिस्क खरखर करू लागली, तेव्हा एका दुरुस्तीवाल्याने १६० जीबीची डिस्क बसवून दिली. ती तयार करताना त्याने ती आपल्या दुकानातील नव्या संगणकास जोडली, सर्वच्या सर्व १६० जीबीचा एकच विभाग पाडला, जुना माल त्यात उतरविला आणि मग डिस्क जुन्या यंत्रात घातली. नव्या संगणकाचा रकाना रुंद, त्यास १६० म्हणजे काहीच नव्हे. जुन्या विंडोजने तो विभाग १६० जीबीचा आहे असे अनुक्रमणिकेत वाचले व तसेच मानले. सात महिने यंत्र उत्तम चालले. चालणारच, कारण हिशेबाचा सारा पसारा तीन जीबीचाही नव्हता. पुढे घरात लग्न झाले. पेढीवरील संगणकात एवढी जागा रिकामी आहे हे पाहून पुतण्याने दुसऱ्या संगणकावरून तारेने लग्नाच्या चित्रफिती व छायाचित्रे त्यात भरावयास सुरुवात केली. दोन रात्री हे काम चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेठांनी देवाला हात जोडून संगणक सुरू केला, तो काळ्या पडद्यावर एवढेच अक्षर आले की कार्यप्रणाली सापडत नाही.

बसवून देणाऱ्याने डिस्क खराब निघाली असे सांगून दुसरी देऊ केली. डिस्क खराब नव्हती. दुसऱ्या एका जाणत्या कारागिराकडे ती नेली तेव्हा आम्ही बरोबर होतो. त्याने डिस्कचे पहिले कप्पे पडद्यावर उघडून दाखविले. जेथे अनुक्रमणिका असावयाची तेथे चित्रफितीचा तुकडा पडलेला होता आणि त्याच्या मागोमाग पुढील कित्येक हजार कप्प्यांत तसेच. शेठांच्या सुदैवाने खरखर करणारी जुनी २० जीबीची डिस्क फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलेली होती. ती तिसऱ्या प्रयत्नास वाचली गेली. मधल्या सात महिन्यांच्या नोंदी मात्र कागदी पावत्यांवरून पुन्हा चढवाव्या लागल्या. सूनबाई तीन आठवडे दुपारच्या वेळी त्याच कामास बसल्या होत्या. त्यात चार पावत्या गहाळ निघाल्या आणि त्यांची रक्कम कोणाकडून येणे होती याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही.

आता यावर उपाय. २००२ च्या सुमारास डिस्कच्या नव्या नियमांत रकाना २८ ऐवजी ४८ आकड्यांचा झाला आणि प्रश्न मुळातून सुटला. परंतु तो सुटण्यास यंत्र, बायोस व विंडोज या तिघांसही नवा रकाना ठाऊक असावा लागतो. विंडोज ९८ मूळच्या स्थितीत तो जाणत नाही. विंडोज २००० मध्ये तिसरा सर्व्हिस पॅक व शिवाय रजिस्ट्रीत एक खास नोंद करावी लागते. विंडोज एक्सपी २००१ साली निघाली तेव्हा तिलाही तो ठाऊक नव्हता; २००२ साली आलेल्या सर्व्हिस पॅक १ पासून तिला ते ज्ञान झाले. येथे एक्सपीवाल्यांनी विशेष जपावे. आपल्या संगणकावर सर्व्हिस पॅक ३ आहे म्हणून निर्धास्त राहावे, आणि एखाद्या दिवशी विंडोज बिघडली म्हणून कारागिराने पिशवीतून २००१ ची मूळ सीडी काढून ती पुन्हा बसवावी, एवढ्याने मोठी डिस्क धोक्यात येते. 'माय कॉम्प्युटर'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले की सर्व्हिस पॅकचा क्रमांक दिसतो. हे पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही, आणि दुरुस्तीनंतर ते पुन्हा पाहावे.

याहूनही सोपा व सर्व जुन्या यंत्रांस लागू पडणारा उपाय म्हणजे डिस्क मोठी असली तरी तिच्यावर १२० जीबीपर्यंतचाच विभाग पाडावयाचा आणि उरलेली जागा कोणत्याही विभागात न घेता तशीच सोडून द्यावयाची. विभागच मर्यादेच्या आत असला म्हणजे विंडोज त्यापलीकडे पोते टाकावयास जातच नाही. पैसे ५०० जीबीचे दिले आणि वापरावयाची १२०, हे ऐकून अनेकांचा जीव खालीवर होतो. परंतु श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण हे व्रत आहे, त्यात वस्तू मिळत असूनही अमुक एवढ्यापुढे ठेवावयाची नाही असे आपण स्वतःच ठरवितो. ज्यांच्या घरी ते व्रत पाळले जाते त्यांस ही कल्पना समजावून देण्यास आम्हांस कधी फार वेळ लागला नाही.

मर्यादेचे आकडे पाहताना मापाचा एक घोटाळा ध्यानात ठेवावा. डिस्क बनविणारा १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. त्यामुळे खोक्यावर १६० असलेली डिस्क पडद्यावर १४९ दिसते, ५०० ची ४६५ दिसते आणि आपली १३७ ची मर्यादा १२८ म्हणून दिसते. यात लबाडी नाही. गुजरातच्या बाजारात मण २० किलोचा चालतो आणि इंग्रजी अमलातला चाळीस शेरांचा पक्का मण ३७.३२ किलोचा होता. दोघेही मणच म्हणत. कोणत्या मणाने बोलणे चालले आहे हे विचारले म्हणजे तंटा राहत नाही. डिस्क विकणाऱ्याशी बोलतानाही तसेच विचारावे. विंडोज ९८ मधील विभाग पाडणारा एफडिस्क हा प्रोग्राम तर ६४ जीबीहून मोठ्या डिस्केतून ६४ वजा करून उरलेलीच दाखवीत असे. मायक्रोसॉफ्टने त्याची सुधारलेली प्रत पुढे दिली.

दुरुस्तीवाले याशिवाय आणखी काही युक्त्या सुचवितात. काही जुन्या डिस्कांच्या पाठीवर जंपर नावाची लहानशी टोपी बसवून ती ३२ जीबीचीच आहे असे भासविता येते. हे निर्धोक आहे. संगणकाच्या आतील खाचेत वेगळे कार्ड बसवून त्या कार्डाच्या बायोसवर मोठी डिस्क चालविता येते. कार्ड चांगले मिळाल्यास हेही ठीक, मात्र विंडोजची अडचण त्याने आपोआप सुटत नाही, कार्डाचा ड्रायव्हर लागतो. डिस्कच्या आरंभी एक मध्यस्थ प्रोग्राम बसवून जुन्या बायोसला फसवावयाचे, ही तिसरी युक्ती आम्हांस पसंत नाही. मध्यस्थ आहे हे ज्या दुसऱ्या संगणकास ठाऊक नाही त्यास त्या डिस्कवरील काहीच वाचता येत नाही आणि पाच वर्षांनी हे कोणाच्या लक्षात राहणार?

डॉस किंवा विंडोज ९८ चे यंत्र केवळ हिशेबापुरते चालवावयाचे असेल तर आमच्या मते मोठ्या डिस्केच्या मागे लागूच नये. छायाचित्रकार पूर्वी जी कॉम्पॅक्ट फ्लॅश नावाची कार्डे वापरीत ती मुळातच आयडीईची भाषा बोलतात. स्वस्तातल्या एका जोडपट्टीवर बसवून ८ किंवा ३२ जीबीचे कार्ड डिस्केच्या जागी लावता येते. ते लहान म्हणून मर्यादेचा प्रश्न नाही, त्यात फिरणारे काही नाही म्हणून फिरण्याने होणारी झीज नाही आणि काढून दुसऱ्या संगणकावर त्याची हुबेहूब प्रत घेणे पाच मिनिटांचे काम आहे. बाजारात नकली कार्डे पुष्कळ आहेत, एवढे मात्र पारखून घ्यावे.

एक्सपीच्या यंत्रात आजची नवी डिस्क लावली असता ती चालते खरी, पण कधी कधी फारच मंद चालते. साधारण २०१० पासून डिस्केच्या आतील कप्पे ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटांचे होऊ लागले. बाहेरून मात्र त्या ५१२ चेच सोंग घेतात. एक्सपी आपला पहिला विभाग ६३ व्या कप्प्यापासून सुरू करते आणि ६३ ला ८ ने भाग जात नाही. परिणामी प्रत्येक पोते अर्धे एका फळीवर व अर्धे दुसऱ्या फळीवर येते आणि एक पोते ठेवावयास दोन फळ्या हलवाव्या लागतात. विभाग नव्या संगणकावर पाडून घेतला, अर्थात १२० जीबीचे परिमाण पाळूनच, तर हा दोष राहत नाही.

यानंतरची वेस २.२ टीबीची. तेथे चिठ्ठी नव्हे, तर जुन्या पद्धतीच्या अनुक्रमणिकेचाच रकाना संपतो. तो ३२ आकड्यांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ कप्प्यांचा आहे. नव्या पद्धतीच्या अनुक्रमणिकेस जीपीटी म्हणतात आणि नेहमीच्या ३२ बिटांच्या एक्सपीस ती वाचता येत नाही. बाहेरून यूएसबीने जोडावयाच्या ३ व ४ टीबीच्या काही पेट्या मात्र एक्सपीवरही चालत. त्यातील गुपित असे की, पेटीतील मंडल आपले कप्पे ४,०९६ बाइटांचे आहेत असे सांगे, म्हणजे तेवढ्याच क्रमांकांत आठपट माल मावे. येथवर ठीक. परंतु पेटीचे मंडल जळाले म्हणून आतली डिस्क काढून थेट संगणकास जोडली, तर ती पुन्हा ५१२ च्या हिशेबाने बोलू लागते, अनुक्रमणिकेतील सारे क्रमांक चुकतात आणि भरलेली डिस्क कोरी भासते. अशा वेळी 'फॉरमॅट करावयाची काय?' या पडद्यावरील प्रश्नास होकार देऊ नये. त्याच जातीची दुसरी पेटी मिळवावी, माल जसाच्या तसा आत असतो.

ज्यांस जुने यंत्र ठेवावयाचेच नाही, पण जुनी खतावणी हवी, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक केवळ एका फाइलीच्या रूपाने उभा करता येतो. त्या कल्पित संगणकाची डिस्क आपण सांगू तेवढीच, ८ जीबी म्हटले तर ८ जीबी. डॉसचे हिशेब यात सहज उतरतात. विंडोजचे उतरविण्यास थोडी खटपट पडते. डोंगलवाले प्रोग्राम बहुधा उतरतच नाहीत. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केली व विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तेव्हा असे जुने यंत्र, खरे असो की कल्पित, इंटरनेटास जोडू नये हे बरे.

प्रत कितीदा घ्यावी, असे आम्हांस विचारण्यात येते. परंपरा सांगते की, वीर निर्वाण संवत ९८० मध्ये (मतांतराने ९९३) देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभी येथे आगम ग्रंथारूढ करविले, कारण मुखपाठाची परंपरा क्षीण होऊ लागली होती. पुढे ताडपत्रे जीर्ण होण्यापूर्वी त्यांवरून नवी ताडपत्रे, मग कागद, अशी प्रतीवरून प्रत होत गेली. पाटण, खंभात व जैसलमेरचे भांडार त्याच श्रमातून उभे आहेत. ज्ञानपंचमीस आपल्याकडे ग्रंथांची झाडपूस व पूजा होते आणि गुजरातेत तोच दिवस लाभपाचम म्हणून दुकाने उघडण्याचा. आमच्या पेढीवर त्या दिवशी संगणकातील सर्व खतावणीच्या दोन प्रती काढल्या जातात : एक पेढीच्या तिजोरीत, दुसरी घरी. शिवाय दर महिनाअखेर एक. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकात घालून एखादे खाते उघडून पाहिले जाते, कारण न उघडलेली प्रत म्हणजे न तोललेले पोते.

जुनी डिस्क बदलल्यावर ती निदान एक वर्ष भंगारात देऊ नये. फडक्यात गुंडाळून, वर तारीख व पेढीचे नाव लिहून, ओल लागणार नाही अशा वरच्या खणात ठेवावी. २००६ चा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांस वरचा खण का, हे सांगावयास नको. तिच्याबरोबरच ती रुंद पट्ट्याची केबल आणि चार छिद्रांची विजेची जोडतारही ठेवावी. डिस्क एक वेळ सापडते, पण ती केबल शोधीत उधन्यापर्यंत फिरण्याची पाळी गेल्या वर्षी दोघा सभासदांवर आली.